रजतलेपन, विद्युत् विलेपनपूर्व
विद्युत् निरोधक वस्तूचा पृष्ठभाग चांदीच्या पातळ थराने संवाहक करण्याची क्रिया. कोलकात्याजवळील डमडम येथे मराठी गाण्यांच्याही ध्वनिमुद्रिका छापल्या जात. अशा मुद्रिकांचा ठसा घेण्यासाठी मूळ लॅकर तबकडी स्टॅनस क्लोराइडाने संस्कारित करून तीवर अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट व क्षपणकारक यांचे विद्राव फवारतात व नंतर निकेल चढवितात. प्रारंभीच प्रवाह वाढविल्यास चांदी जळते. थर सोलल्यावर त्याची खाचेलगतची बाजूच उपयोगी पडत असल्याने जाडीने नाद बिघडत नाही. पण चांदी न बसलेला ठिपका प्रत्येक प्रतीत वाजतो. लेप वस्तूवरच राहावयाचा असल्यास मात्र जाड थराने बारीक नक्षी बुजते. अमोनियायुक्त विद्राव साठवीत नाहीत. त्यात स्फोटक साका बनतो.