बरोबरीचा निवाडा

मोटारशर्यतींचे अजिंक्यपद एका दिवसाच्या पराक्रमावर ठरत नाही. सबंध हंगामातील प्रत्येक शर्यतीत लाभलेल्या क्रमांकाचे गुण जमेस धरून अखेरीस ज्याचा आकडा मोठा, त्यास ते बहाल होते. परंतु हिशेब पुरा होऊन दोघांच्या नावांपुढे एकच बेरीज उभी राहिली, तर मुकुट दोघांत वाटून देण्याची किंवा फैसल्यासाठी आणखी एक शर्यत भरवण्याची वहिवाट येथे नाही. हंगामाचे दप्तर पुन्हा उघडून कोणी किती शर्यती जिंकल्या ते पाहतात, आणि तेथेही तोल सारखा निघाला तर दुसरे क्रमांक, मग तिसरे, अशी उतरती मोजणी करतात. फॉर्म्युला वनमध्ये 2021 साली अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीआधी वेर्स्टापेन व हॅमिल्टन दोघेही 369.5 गुणांवर होते, आणि 8 विजयांविरुद्ध 9, एवढ्या अंतरानेच वेर्स्टापेनचे नाव वर होते.

या नियमाचे दान आणि दंड दोन्ही ज्याच्या वाट्यास आले, तो कोलंबियाचा हुआन पाब्लो मोन्तोया. 1999 साली अमेरिकेतील कार्ट मालिकेत तो व स्कॉटलंडचा दारिओ फ्रँकिटी प्रत्येकी 212 गुणांवर थांबले. मोन्तोयाचे विजय 7, फ्रँकिटीचे 3, तेव्हा निवाडा सरळ होता. मात्र फोंटाना येथील त्याच अखेरच्या शर्यतीत ग्रेग मूर हा 24 वर्षांचा चालक प्राणास मुकला, आणि ती बेरीज वाचताना माझे मन आजही आधी त्या तरुणाकडे जाते.

पुढे 16 वर्षांनी, इंडिकारच्या हंगामात पहिल्या शर्यतीपासून अग्रस्थान राखलेला मोन्तोया सोनोमाच्या शेवटच्या शर्यतीस उतरला, तेव्हा न्यूझीलंडचा स्कॉट डिक्सन 47 गुणांनी मागे होता. डिक्सनने ती शर्यत जिंकली, मोन्तोया सहावा आला, आणि दोघेही 556 वर येऊन ठेपले. इंडियानापोलिसची विख्यात शर्यत धरून मोन्तोयाचे विजय 2, डिक्सनचे 3. आणि तो तिसरा विजय सोनोमाचाच.

वर्षभर आघाडी सांभाळणाऱ्यावर हा अन्याय नव्हे काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. मला तसे वाटत नाही. कारण सातत्याचे मोल गुणांच्या बेरजेत आधीच चुकते झालेले असते, आणि तेच पुन्हा मागणे म्हणजे एकाच रकमेची दोनदा वसुली करणे होय. माझी तक्रार आहे ती निराळ्याच कलमाविषयी: सोनोमाचे गुण त्या वर्षी दुप्पट धरले होते. ते एकेरी असते, तर बरोबरी झालीच नसती आणि अजिंक्यपद मोन्तोयाकडेच राहिले असते.