कमीत कमी, जास्तीत जास्त

मुंबई-पुण्याकडच्या कित्येक लिफ्टमध्ये एक पाटी असते : ८ व्यक्ती, ५४४ किलो. माणशी ६८ किलो धरायचे, आठ अडुसष्ट पाचशे चव्वेचाळीस. वाचणाऱ्याला वाटते, एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. तसे नाही. माणसांची संख्या ‘न’ आणि एकूण वजन ‘व’ मानले, तर पाटीवर दोन स्वतंत्र अटी आहेत : न ≤ ८ आणि व ≤ ५४४. ऐंशी-ऐंशी किलोचे आठ जण आत शिरले तर पहिली अट पाळली जाते आणि दुसरी मोडते. वजन ६४० किलो भरते. तीस-तीस किलोची बारा पोरे शिरली तर नेमके उलटे. मतदानाला १८ वर्षे पूर्ण, लोकसभेला उभे राहायला २५, कॉलेजात हजेरी किमान ७५ टक्के : रोजचे बहुतेक नियम याच जातीचे. तरीही गणित म्हटले की डोळ्यांपुढे येते ते बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढचे एकच एक उत्तर. राज्य मंडळाच्या २०१८च्या दहावीच्या बीजगणितात रेषीय समीकरणांना आणि वर्गसमीकरणांना एकेक अख्खे प्रकरण आहे, ≤ किंवा ≥ चिन्हाच्या असमीकरणांना नाही. माझे म्हणणे असे, की व्यवहाराला समीकरणापेक्षा असमीकरणच जवळचे आहे. आणि ते कागदावर उतरवले की नुसते बंधन दिसत नाही, बंधनाच्या आत उरलेली मोकळीकही दिसते.

मीटरची रिक्षा घ्या. फेब्रुवारी २०२५च्या दरवाढीनुसार मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे. खिशात शंभराची एकच नोट आहे आणि अंतर क्ष किलोमीटर (दीडपेक्षा जास्त). मग २६ + १७.१४(क्ष − १.५) ≤ १००. सोडवले की क्ष सुमारे ५.८ पर्यंत येतो, सिग्नलवरचे वेटिंग सोडून. पण ५.८ हे उत्तर नव्हे, ती उत्तराची कड आहे. उत्तर म्हणजे तिच्या अलीकडचा सगळा पट्टा; संख्यारेषेवर ५.८ पाशी भरीव टिंब द्यायचे आणि डावीकडे रेघ ओढायची. कडेचा आकडा चालत नसेल, तर टिंब पोकळ ठेवायचे. सोडवण्याची रीत समीकरणासारखीच, फक्त एक खोच आहे. ४० जीबीच्या पॅकमधून रोज दीड जीबी डेटा संपतो आणि निदान १० जीबी उरायला हवा, तर ४० − १.५क्ष ≥ १०, म्हणजे −१.५क्ष ≥ −३०. आता ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते आणि क्ष ≤ २० मिळते. पोरे हा नियम घोकतात आणि विसरतात. ३ हा ५ पेक्षा लहान, पण −३ हा −५ पेक्षा मोठा, एवढे ध्यानात असले तरी तो घोकायची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे आपण तोंडी करतोच की! भाजी घेणारी बाई कागद-पेन्सिल काढून बसत नाही. खरे आहे, पण एकच अट असेल तोवर. दोन अटी एकमेकींना छेदू लागल्या की अंदाज डगमगतो. समजा, एका बचत गटाने दिवाळीसाठी चकली आणि बेसनाचे लाडू करायला घेतले. किलोभर चकलीला शेगडीवर ४० मिनिटे लागतात, किलोभर लाडवांना २०. शेगडी मिळणार दहा तास. चकलीचा माल किलोला १५० रुपयांचा, लाडवांचा तुपामुळे ३००. हातात ५,४०० रुपये. चकली क्ष किलो आणि लाडू य किलो मानले, तर वेळेची अट २क्ष + य ≤ ३० आणि पैशांची क्ष + २य ≤ ३६. शिवाय क्ष आणि य ऋण असू शकत नाहीत. आलेखावर पहिली रेषा आडव्या अक्षावर १५ आणि उभ्या अक्षावर ३० जोडते, दुसरी ३६ आणि १८. कोणती बाजू रंगवायची, हे आरंभबिंदू सांगतो : तिथे दोन्ही अटी खऱ्या ठरतात, म्हणून त्याच्याकडची. दोन्ही छटा जिथे एकमेकींवर पडतात तो चौकोन म्हणजे गटाला करता येण्याजोगे सगळे बेत. किलोमागे चकलीला १०० आणि लाडवाला १५० रुपये सुटत असतील, तर चटकन म्हटले जाईल की नुसते लाडूच करा. १८ किलो लाडवांचे २,७०० रुपये होतात. पण रेषा जिथे छेदतात त्या कोपऱ्यावर, ८ किलो चकली आणि १४ किलो लाडू केले, तर २,९०० सुटतात. लाडवाचा नफा चकलीच्या दुपटीहून वर गेला, तरच ‘नुसते लाडू’ बरोबर ठरेल.

हा कोपऱ्यांचा शोध पोरखेळ नव्हे. लेनिनग्राडमध्ये प्लायवूडच्या यंत्रांना काम वाटून देताना लिओनिद कांटोरोविच यांनी १९३९मध्ये असाच प्रश्न मांडला, आणि १९७५च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७मध्ये कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९८४मध्ये बेल लॅबमधल्या नरेंद्र करमरकरांनी, म्हणजे ग्वाल्हेरात जन्मलेल्या आणि आयआयटी मुंबईत शिकलेल्या आपल्या माणसाने, कडेने न फिरता प्रदेशाच्या पोटातून वाट काढली. तरी अंदाजाची बाजू अगदी लंगडी नाही. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५मध्ये ७७ पदार्थांतून पोषणाच्या नऊ किमान अटी भागवणारा स्वस्तातला स्वस्त आहार जवळपास अदमासानेच शोधला होता : वर्षाला ३९.९३ डॉलर. पुढे सिम्प्लेक्सने काटेकोर उत्तर आले ३९.६९. फरक २४ सेंटचा! अंदाज उत्तम होता. पण तो उत्तम आहे, हे कळायला हिशेबच करावा लागला.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कड निर्दय असते. ३५ गुणांना पास आणि ३४ला नापास, यात कसला न्याय? हे खरेच आहे, पण इलाजही त्याच भाषेत निघतो. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर शून्य. टप्प्यांप्रमाणे मात्र बारा लाखांवर ६०,००० रुपये कर निघतो. म्हणजे एक रुपया जास्त मिळवणाऱ्याला साठ हजारांचा फटका बसला असता. म्हणून कायद्याने आणखी एक अट घातली : कर हा बारा लाखांवरच्या कमाईपेक्षा जास्त नसावा. वरची कमाई क्ष असेल, तर ६०,००० + ०.१५क्ष > क्ष असेपर्यंत ही सवलत चालते. सोडवा : ०.८५क्ष < ६०,०००, म्हणजे क्ष सुमारे ७०,५८८ रुपयांच्या आत. सेस बाजूला ठेवला, तर १२,१०,००० रुपयेवाल्याला ६१,५०० ऐवजी १०,००० रुपयेच भरावे लागतात, आणि १२,७०,५८८ च्या पुढे नेहमीचा दर लागू होतो.