ग्रे कापड आणि तयार बटण

भिवंडीच्या यंत्रमागांवर मुख्यतः ग्रे कापड, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड, निघतं. रंग, छपाई, शिलाई पुढे होते. संकेतस्थळांसाठी बटणं, अर्जाच्या चौकटी असे तयार घटक करून ठेवण्याची रीत हीच आहे. ट्विटरमध्ये घडलेला 'बूटस्ट्रॅप' हा अशा घटकांचा संच २०११मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तो याच विचाराने. याचा फायदा असा: 'पैसे भरा' या बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतली, तर 'पै'च्या मात्रा वरून कापल्या जाऊ शकतात. प्रत्येक पानाचं बटण वेगळं असेल, तर ही चूक शंभर ठिकाणी सुधारावी लागते. घटक सामाईक असेल, तर एकदाच.

मग सगळी संकेतस्थळं सारखीच दिसतील, असा आक्षेप येतो. पण ग्रे कापड सारखं म्हणून सगळे सदरे सारखे होत नाहीत. दुसरा आक्षेप जड आहे: एका घटकावर हजारो जण विसंबले आणि तोच गेला तर? मार्च २०१६मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने 'एनपीएम' या भांडारातून काढून घेतला आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचं काम अडलं. म्हणून घटक बनवणं हे निम्मंच काम; आवृत्तीला क्रमांक देणं, बदलांची नोंद ठेवणं, जुनी आवृत्ती गायब न करणं हे उरलेलं निम्मं. तेवढी जबाबदारी पेलणार नसेल, तर घटक आपल्यापुरताच ठेवावा.