समदुःखितांची बैठक

घरांत कोणी आजारी पडलें तर एकत्र कुटुंबांत शुश्रूषेला माणसांची वाण पडत नाहीं, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. आणि तो अभिमान सर्वस्वी खोटाहि नाहीं. परंतु कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, भरल्या घरांतहि रोगी एकाकी पडतो आणि त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ति त्याहूनहि एकाकी पडते. अशा एका दुखण्याविषयीं आज आम्ही वाचकांशीं बोलणार आहों.

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, अर्थात् ए. एल. एस., हें त्याचें नांव. फ्रान्समधील शार्को या वैद्यकपंडितानें १८६९ सालीं त्याचें वर्णन केलें. अमेरिकेंतील सामान्य जनांस तो परिचित झाला, तो मात्र लू गेरिग या बेसबॉलपटूस हा रोग असल्याचें १९३९ सालीं निष्पन्न झालें तेव्हां. यांत स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी क्रमाक्रमानें नाश पावतात. कोणाच्या हातांतील पेला निसटतो, कोणाचें पाऊल अडखळतें, कोणाची जीभ जड होते. पुढें गिळणें, बोलणें आणि अखेर श्वास घेणेंहि कठीण होतें. दृष्टि, श्रवण व स्पर्श बहुधा शाबूत राहतात, आणि आपलें काय होत आहे हें पुष्कळ रोग्यांस शेवटपर्यंत कळत असतें. स्टीफन हॉकिंग १९६३ च्या निदानानंतर २०१८ पर्यंत जगले हें खरें. पण तो अपवाद होय. बहुतेकांच्या वांट्यास लक्षणें दिसूं लागल्यापासून दोन ते पांच वर्षेंच येतात. रिल्यूझोलसारख्या औषधानें रोगाची गति थोडी मंदावते. तो समूळ बरा होत नाहीं.

डॉक्टर निदान सांगतात व औषध देतात. परंतु दिवसाचे चोवीस तास घरींच काढावयाचे असतात. पाण्याचा घोट ठसक्यावांचून कसा पाजावा? रात्रीं कूस किती वेळां बदलावी? श्वासयंत्र चालूं असतां वीज गेली तर काय करावें? वाचा गेल्यावर अक्षरांच्या तक्त्यावर केवळ डोळ्यांच्या खुणेनें शब्द कसे जुळवावे? हीं उत्तरें ज्यांनीं तीं रात्रीं जागून शोधलीं, त्यांच्यापाशींच मिळतात. वाणी स्पष्ट आहे तोंच रोग्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. पोटांत अन्नाची नळी बसवावयाची असल्यास श्वास फार क्षीण होण्यापूर्वींच डॉक्टरांशीं बोलावें. या गोष्टी वेळ टळून गेल्यावर समजल्या तर त्यांचा काय उपयोग?

या जाणिवेंतूनच समदुःखितांचीं मंडळें निघालीं. ब्रिटनमध्यें मोटर न्यूरॉन डिसीज असोसिएशन ही संस्था १९७९ सालीं स्थापन झाली. स्कॉटलंडमधील १९८१ च्या संस्थेचा आरंभ तर हा रोग जडलेल्या एका गृहस्थानेंच केला. आपल्याकडे मुंबईंत आशा एक होप फाउंडेशन ही संस्था अशा रुग्णांसाठीं व त्यांच्या कुटुंबीयांसाठीं कार्य करीत आहे.

पण माहितीहून मोठा लाभ निराळाच आहे. या रोगांत कित्येकांस कारणावांचून हुंदका किंवा हसूं अनावर होतें. भेटीस आलेले आप्त गोंधळतात. कोणी नवस सुचवितो, कोणी काढा. बैठकींत मात्र कोणी दचकत नाहीं. आणि शुश्रूषा करणारी पत्नी किंवा सून? घरांत दहा माणसें असलीं तरी रात्रीं उठणारी बहुधा तीच एक असते. ‘मी थकलें’ हे दोन शब्द ती सासूपुढें उच्चारूं शकत नाहीं. रोग्यापुढें तर नाहींच. तिला क्वचित् रागहि येतो आणि मागाहून त्या रागाची लाज वाटते. समोरची परकी बाई जेव्हां म्हणते, ‘मलाहि असेंच होई’, तेव्हां तिच्या मनावरील अपराधाचें ओझें उतरतें. हें काम घरचा स्नेह करूं शकत नाहीं, कारण घरचें प्रत्येक माणूस त्याच दुःखांत गुंतलेलें असतें.

कोणी म्हणतील, घरचें दुःख चव्हाट्यावर कां मांडावें? आमचें उत्तर असें कीं, जेथें सर्वांची व्यथा एकच, तो चव्हाटा नव्हे. दुसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. नुकतेंच निदान झालेल्या रोग्यास पुढल्या अवस्थेंतील रोगी पाहून धसका बसूं शकतो. अशा वेळीं प्रथम घरांतील एकानें जाऊन यावें. रोग्यानें आपली इच्छा होईल तेव्हां जावें, न झाल्यास जाऊं नये. आणि जेथें खात्रीच्या औषधाचें आमिष दाखविलें जातें, त्या बैठकीची पायरी पुन्हां चढूं नये.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंति आहे. महिन्यांतून एक दुपार रोग्याजवळ तुम्ही बसा, आणि सुनेला त्या बैठकीस पाठवा. ती परत आल्यावर ‘काय झालें तिथें?’ असें खोदून विचारूं नका. तिच्यापुढें चहाचा पेला ठेवा म्हणजे झालें.