सलाम करणारी आकडी

आकडी किंवा फेफरे म्हटले, की सर्वांगाला झटके येणारा, तोंडाला फेस आलेला व शुद्ध हरपलेला रोगी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु बालवयातील अपस्मार नेहमीच हे रूप घेऊन येत नाही. त्याचा एक प्रकार प्रारंभी इतका किरकोळ दिसतो, की आईबापांना ती बाळाची लकब वाटावी.

इंग्लंडातील टनब्रिज येथे वैद्यकी करणारे विल्यम जेम्स वेस्ट यांना हाच अनुभव आला. त्यांचा चार महिन्यांचा मुलगा मधूनच मान पुढे झुकवू लागला. ती एक खोड असेल, असे त्यांना वाटले. पुढे मान गुडघ्यांपर्यंत जाऊ लागली. लगेच शरीर सैल पडे आणि काही सेकंदांनी पुन्हा वाके. एकेका वेळी असे दहा-वीस झटके येत व दोन-तीन मिनिटांत सारे थांबे. जळवा लावल्या, रेचके दिली. पण उतार पडला नाही. मुलाची बौद्धिक वाढही खुंटली. अखेर १८४१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून इतर वैद्यांचे साहाय्य मागितले. लवून केलेल्या सलामासारख्या या हालचालीवरून विकाराला ‘सलाम आकडी’ हे नाव मिळाले.

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्-संकेतांनी परस्परांशी व्यवहार करतात. या विकारात ती शिस्त मोडते. मेंदूच्या विद्युत्-आलेखात तेव्हा उंच व विस्कळीत लहरी उमटतात. गिब्ज दांपत्याने १९५२ साली त्यांचे वर्णन केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत एसीटीएच हे संप्रेरक निर्माण होते. त्याचा या आकडीवर गुण येतो, असे बेल्जियममधील वैद्यांनी १९५८ साली दाखवून दिले. आज ते संप्रेरक, स्टेरॉइडे किंवा व्हिगाबॅट्रिन यांपैकी योग्य ते औषध वैद्य निवडतात. उपचार जितका लवकर सुरू होईल, तितकी बुद्धीची हानी टळण्याची आशा अधिक.

हा विकार बहुधा वयाच्या पहिल्या वर्षातच उद्भवतो. झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक असे वाकू लागले, हात झटकन फेकू लागले, मधूनमधून रडू लागले, तर पोट दुखत असेल असे म्हणून स्वस्थ बसू नये. बाळाचे प्रत्येक दचकणे आकडी नसते, हेही खरे. पण तो निर्णय वैद्याने करावयाचा असतो. त्यासाठी मोबाईल फोनवर टिपलेले अल्पसे चलच्चित्रही मोलाचे ठरते. वेस्ट यांच्या हाती जे नव्हते, ते औषध आज उपलब्ध आहे; मात्र त्याचा पुरा लाभ वेळीच ओळखणाऱ्यालाच होतो.