खारपाणपट्ट्याला विचारून पाहा

मेळघाटात तान्हं मूल अनेकदा घरीच दगावतं. डॉक्टरने ते पाहिलेलंच नसतं, मग कारणाच्या रकान्यात अंदाजच उतरतो. शवविच्छेदनाने नेमकं कळेल, पण कोरकू आईबापांपुढे तो विषय काढायचा कुणी? आता एक मधली वाट निघाली आहे. मृत्यूनंतर लवकरात लवकर बारीक सुईने फुप्फुस, यकृत, मेंदू यांचे कणभर नमुने घ्यायचे, चिरफाड नाही. धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ ट्रस्टने ही पद्धत आणताना आधी लोकांना काय वाटतं, याचाच अभ्यास केला. ते शहाणपणाचं होतं. घरात शब्द कुणाचा चालतो, माती द्यायला किती उशीर खपेल, भुमक्याचं म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याचं मत काय, हे ठाऊक नसेल तर सुई पेटीतच राहते.

असंच गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं. म्हणून तिथे झोपड्यांसारख्या खोल्या आहेत, नातेवाईक रुग्णाजवळ राहतात आणि दवाखान्याला नाव त्यांच्या दंतेश्वरी देवीचं आहे.

तरीही मेळघाटातल्या अभ्यासात मूळ प्रश्न संशोधकांचाच होता. लोकांना विचारलं ते ‘कसं करू?’ एवढंच. ‘काय शोधू?’ हे विचारण्यासाठी डोंगर उतरून पूर्णेच्या खोऱ्यात यावं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअर कितीही खोल न्या, पाणी खारंच. किडनीचे रुग्ण असलेल्या गावांत लोक ठामपणे सांगतात, ‘हे पान्यानंच होते.’

असेलही. पण आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेतही शेतकऱ्यांच्या किडन्या निकामी होण्याचं एकच एक कारण ठरलेलं नाही. उन्हातली मजुरी, फवारणी, अंगदुखीवर रोज घेतलेल्या गोळ्या, सगळ्यांवर संशय आहे. इथे नुसती पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेऊन भागत नाही. आजचा नमुना आजचं पाणी सांगतो. किडनी झिजते वर्षानुवर्षं. नळ यायच्या आधी कोणतं घर कोणत्या विहिरीवर भरायचं, कोणती विहीर कधी सोडली, कपाशीवर फवारायला कोण जायचं, ही माहिती डायलिसिसला अकोल्याला खेपा घालणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या बायकोकडे आहे. प्रश्नावली छापायच्या आधी तिचा कच्चा खर्डा या दोघांपुढे ठेवावा, आणि त्यांनी खोडलेलं खोडावं.