तबकडी कुरकुरू लागली म्हणजे

शाळेच्या कपाटातले जुने दाखलखारीज रजिस्टर आपण सर्वांनी पाहिले आहे. पाने पिवळी पडतात, कडांना कसर लागते, शाई विटते. पण हे सारे डोळ्यांना दिसते आणि नवी वही घालून नक्कल करायला गुरुजींना सवड मिळते. आता निकालपत्रके, ग्रामपंचायतीचे ठराव, पतसंस्थेचे हिशेब आणि घरच्या लग्नकार्यांची छायाचित्रे संगणकात गेली आहेत. संगणकात म्हणजे नेमकी कुठे? पुष्कळ ठिकाणी ती हार्ड डिस्क नावाच्या एका लहानशा बंद पेटीत असतात. या पेटीला लागलेली कसर वरून दिसत नाही. म्हणून तिची लक्षणे ओळखता आली पाहिजेत.

पेटीच्या आत काय असते? ग्रामोफोनची तबकडी आठवा. हार्ड डिस्कमध्ये तशाच गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो आणि मजकूर त्यात उमटतो. मात्र ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. इथले वाचक टोक टेकत नाही. ते तबकडीवरून हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगते की, धुराचा कणही त्या फटीत मावणार नाही. तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते. 7200 म्हणजे सेकंदाला 120 झाले. आयबीएम कंपनीने 1956 साली असे पहिले यंत्र विक्रीस आणले, तेव्हा त्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि त्यांवर 50 लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या पेटीत त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. सोय वाढली, तसा एका धक्क्यासरशी होणारा तोटाही वाढला.

आता लक्षणे पाहू. नेहमीची फाइल उघडायला फार वेळ लागतो. एखादी फाइल उघडतच नाही, किंवा तिच्या नावाची अक्षरे विचित्र दिसू लागतात. संगणक मधेच थिजतो. पेटीतून टक्-टक् किंवा खरखर ऐकू येते. याखेरीज डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात आणि ती दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. खराब जागा सोडून मजकूर दुसरीकडे हलवल्याचा आकडा त्यात वाढताना दिसला, तर सावध व्हावे. गूगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून 2007 साली निष्कर्ष मांडले. तपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या 39 पट असतो, असे त्यांना दिसले. पण बंद पडलेल्यांपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीही सूचना दिली नव्हती. तेव्हा सूचना मिळाली तर घाई करा. पण ती मिळेलच, या भरवशावर राहू नका.

लक्षण दिसले म्हणजे आपला पहिला विचार दुरुस्तीचा असतो, आणि तिथेच घात होतो. आधी नक्कल, मग दुरुस्ती. दुरुस्तीचा प्रोग्राम सगळी तबकडी पिंजून काढतो आणि तिच्यावर नवे लिहितोही. आजारी डिस्कला तो ताण सोसत नाही. तिच्यावर नवीन काही साठवू नका. दुसरी चांगली डिस्क जोडा आणि मजकूर तिच्यावर उतरवा. घराला आग लागली तर आपण आधी पाळण्यातले मूल उचलतो, भांडीकुंडी मागाहून. तसे इथेही जे दुसरीकडे कुठेच नाही, ते आधी घ्या. सिनेमे आणि गाणी पुन्हा मिळतील. काम चालू असताना वीज जाऊ नये, एवढी तजवीज ठेवा. जाणकार माणूस जवळ असेल, तर 'डीडीरेस्क्यू'सारखा प्रोग्राम वापरता येतो. तो सहज वाचता येणारा भाग आधी उतरवतो आणि अडणाऱ्या जागी मागाहून परततो.

टक्-टक् आवाज येत असेल, तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करा. ते टोक तबकडी खरवडत असण्याचा संभव असतो. मग प्रत्येक फेऱ्यात मजकूर नष्ट होत जातो. पेटी घरी उघडू नका. आपल्याकडच्या धुळीचा एक कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपायही ऐकू येतो; त्याने आत दंव धरते. ही कामे तज्ज्ञाचीच. त्यांना खर्च फार येतो आणि यशाची हमी कोणी देत नाही.

आपल्याच वऱ्हाडातल्या रिद्धपूरचे उदाहरण घ्या. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी जाणत्यांना विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तरी ग्रंथ उरला, कारण तो अनुयायांना मुखोद्गत होता. त्यांनी आठवणीने तो पुन्हा लिहून काढला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आज आढळतात. पण सातवीच्या वर्गाचे दहा वर्षांपूर्वीचे गुण कोणाला पाठ असणार? पतसंस्थेच्या खात्यावरची बाकी कोण आठवून सांगणार? जिथे स्मरणाचा आधार नाही, तिथे प्रतींचाच आधार.

यासाठी एक साधा नियम आहे. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. सगळ्या प्रती एकाच खोलीत ठेवल्या, तर एक चोरी किंवा एक आग सर्वांना पुरते. दूरची प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात चालेल, किंवा दुसऱ्या गावी जबाबदार माणसाकडेही चालेल. मात्र मुलांची माहिती तिच्यात असल्यास तिला परवलीचा शब्द लावावा. पेन ड्राइव्ह किंवा फिरती तबकडी नसलेली नवी एसएसडी हीच एकमेव प्रत समजू नये. त्या आवाज न करताच बंद पडू शकतात.

शेवटी, प्रत घेतली म्हणजे काम संपले, असे नाही. महिन्यातून एकदा तिच्यातली दोन-चार कागदपत्रे उघडून वाचून पाहावीत. पेरणीआधी आपण बियाणे भिजवून उगवण पाहतो, तशीच ही तपासणी आहे. गुरुजनांनी हे काम वरच्या वर्गातल्या मुलांसमोर करावे. मुले ते घरी नेतील आणि घरची छायाचित्रेही वाचतील.